कमी बजेटमध्ये पक्षीनिरीक्षणासाठी दुर्बीण निवडताना

दुकानात दुर्बीण मागितली की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न हमखास येतो, "किती लांबचं बघायचंय?" पक्षी बघणाऱ्याची गोची इथेच सुरू होते, कारण त्याला फार लांबचं बघायचंच नसतं. तांबट समोरच्या उंबरावर वीस मीटरवर बसलेला असतो, सुभग त्याच्याही अलीकडे. अडचण अंतराची नसते. पक्षी मुठीएवढा असतो, पानांच्या सावलीत असतो आणि तीन सेकंदांच्या वर एका जागी थांबत नाही. म्हणून हातात पैसे मोजके असतील तर ते 'मोठं' दाखवण्यावर घालवू नयेत. उजळ, स्थिर आणि ऐसपैस चित्रासाठी घालवावेत. पुढची सगळी निवड याच एका गोष्टीभोवती फिरते.

एक फाटा आधीच बंद करून टाकू. ऑनलाइन शोधलं की 'हंटिंग' असा शिक्का मारलेल्या दुर्बिणी आणि बंदुकीवर बसवायचे स्कोप शेजारीशेजारी दिसतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे दुर्बिणीवरचा 'हंटिंग' हा शब्द हिरव्या ठिपक्यांच्या रंगापुरता समजावा. पण स्कोप स्वस्त मिळतोय म्हणून तो पक्ष्यांसाठी घेण्याचा मोह काहींना होतो. तो टाळा. स्कोप एका डोळ्याने, डोळा साधारण आठ-दहा सेंटीमीटर मागे ठेवून आणि बंदुकीला घट्ट आवळून वापरण्यासाठी बनवलेला असतो. नुसता हातात धरला की चित्र जागेवर राहत नाही, आणि दिसतो तो तुकडाही चिंचोळा.

८×४२ म्हणजे काय, आणि तेच का

दुर्बिणीवर ८×४२, १०×५०, ८×२१ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. 'एट बाय फॉर्टी टू' म्हणजे आठ पट, ४२ मिमी.

पहिला आकडा वाढला की हाताची थरथरही तेवढ्याच पटीने वाढते. आठ पटीला बहुतेकांचा हात निभावतो. दहा पटीला सवय लागते. बारा आणि त्यापुढच्या दुर्बिणी ट्रायपॉडशिवाय हातात धरल्या तर पक्ष्याच्या डोळ्याभोवतीचं कडं दिसायचं सोडून पक्षीच नाचताना दिसतो. शिवाय पट वाढली की एका वेळी दिसणारा भाग आक्रसतो. निकॉनच्या ॲक्युलॉन ए२११ या एकाच मालिकेतली उदाहरणं घ्या. त्यातल्या ८×४२ चं दृष्टिक्षेत्र ८ अंश आहे, १०×४२ चं ६ अंश. एक अंश म्हणजे हजार मीटरवर साधारण साडेसतरा मीटर. हे वीस मीटरवरच्या झाडाला लावलं तर पहिलीत २.८ मीटर रुंदीचा गोल दिसतो, दुसरीत २.१ मीटरचा. क्षेत्रफळ काढलं तर दहा पटीच्या दुर्बिणीत झाडाचा जवळजवळ निम्माच भाग दिसतो. फांदीवरून फांदीवर उड्या मारणारा पर्णवटवट्या नेमका उरलेल्या निम्म्यात असतो.

दहा पट कुठे कामी येते? नांदूर मधमेश्वरच्या मनोऱ्यावर कठड्याला कोपर टेकवून लांबच्या बदकांचे थवे चाळताना, किंवा माळरानावर उंच घिरट्या घालणारा शिकारी पक्षी ओळखताना. भिगवणजवळच्या कुंभारगावातून नावेतून रोहित (फ्लेमिंगो) बघायला जाणार असाल तर मात्र आठ पटही कधी कधी जास्त वाटते, कारण तिथे हाताबरोबर नावही हलते. पहिली दुर्बीण एकच घ्यायची असेल तर ८×४२ किंवा ८×४० घ्या, दहा पटीचा विचार नंतर.

'झूम' दुर्बीण, म्हणजे १०–३०×५० वगैरे, या बजेटमध्ये घेऊच नका. त्यात हलणारी भिंगं जास्त असतात, दोन्ही नळ्यांचं झूम तंतोतंत जुळावं लागतं, आणि स्वस्तात ते जुळत नाही. सुरुवातीच्या पटीलाही चित्र अरुंद दिसतं. पट वाढवली की अंधारतं.

उजेडाचा ठिपका

दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे करा आणि आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगात, बघा. काळ्या पार्श्वभूमीवर एक उजळ ठिपका दिसेल. दुर्बिणीतून येणारा सगळा उजेड त्या ठिपक्यातून डोळ्यात शिरतो. त्याचा व्यास काढायला दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं. ८×४२ चा ठिपका सव्वापाच मिमी, १०×४२ चा ४.२, आणि खिशात मावणाऱ्या ८×२१ चा जेमतेम २.६.

भर दुपारी आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते. त्यामुळे दुपारी बारा वाजता दुकानाच्या दारात उभं राहून पाहिलं तर छोटी ८×२१ आणि मोठी ८×४२ सारख्याच उजळ वाटतात, आणि माणूस हलकी आहे म्हणून छोटी घेऊन येतो. मग सिंहगडाच्या दरीत सकाळी पावणेसातला, झाडांच्या सावलीत, बाहुली पाच मिलिमीटरला उघडलेली असते आणि दुर्बीण तिला अडीच मिलिमीटरचाच उजेड पुरवते. स्वर्गीय नर्तक समोर बसलेला असूनही तो करडा दिसतो. पक्षी दिसण्याचे दिवसातले सगळ्यात चांगले दोन तास नेमके तेच. म्हणून दुर्बीण बघायला संध्याकाळी जा. दुपारीच जाणं भाग असेल तर जिन्याखालच्या किंवा गोदामाच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखून बघा.

वयाचा एक मुद्दा. वयाबरोबर बाहुली उघडण्याची ताकद कमी होते. साठीच्या पुढे बहुतेकांना ५० मिमीच्या जड दुर्बिणीचा फायदा पूर्ण मिळत नाही आणि मानेला मात्र तिचा भार सोसावा लागतो. अशांना ८×३२ सारखी हलकी दुर्बीण शहाणपणाची.

सरळ नळीची की मोडलेल्या नळीची

दुर्बिणीत उलटं चित्र सुलटं करायला प्रिझम असतात. त्यांच्या रचनेवरून दोन जाती पडतात. जुन्या घाटाची, पुढची भिंगं एकमेकांपासून लांब आणि नळी मध्ये वळण घेतलेली ती 'पोरो'. सरळ नळ्यांची, इंग्रजी एच अक्षरासारखी दिसते ती 'रूफ'. रूफ दिसायला आधुनिक आणि हातात सुटसुटीत, त्यामुळे सगळ्यांना तीच हवी असते.

पण स्वस्तातली रूफ आणि स्वस्तातली पोरो यांत चित्र बहुतेक वेळा पोरोचं सरस असतं. कारण कारागिरीतलं आहे. रूफ प्रिझममध्ये प्रकाश दोन भागांत विभागून पुन्हा एकत्र येतो आणि ते दोन भाग एकमेकांशी किंचित बेसूर झालेले असतात. ते सुरात आणायला 'फेज कोटिंग' नावाचा थर लागतो. तो नसेल तर पिसांवरच्या बारीक रेघा मऊ पडतात. शिवाय रूफमधल्या एका प्रिझमला आरशासारखा मुलामा द्यावा लागतो. साधा ॲल्युमिनियमचा मुलामा उजेड सगळ्यात जास्त खातो, चांदीचा कमी, आणि 'डायइलेक्ट्रिक' नावाचा महागडा थर जवळजवळ काहीच खात नाही. पोरोला हे दोन्ही लाड लागत नाहीत. म्हणून सात-आठ हजारांत कंपनीला रूफ बनवायची तर कुठेतरी कात्री लावावीच लागते, आणि ती बहुधा या दोन थरांवर लागते.

पोरोच्या विरुद्ध जाणारी गोष्ट म्हणजे पाणी. फोकस फिरवताना स्वस्त पोरोचे आयपीस बाहेर-आत सरकतात, त्याबरोबर हवाही आत-बाहेर जाते, आणि हवेबरोबर ओल. रूफ दुर्बिणीत फोकस आतल्या आत होतो, त्यामुळे तिला सीलबंद करून आत नायट्रोजन भरणं सोपं जातं. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्याला, पावसाळ्यात सह्याद्री हिंडणाऱ्याला हा फरक चित्राच्या थोड्या धारेपेक्षा मोठा आहे. त्यांनी बजेट थोडं ताणून सीलबंद रूफ घ्यावी. देशावर राहून मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च पक्षी बघणाऱ्याने बिनधास्त पोरो घ्यावी आणि उरलेल्या पैशांत चांगला पट्टा घ्यावा.

किमती सारख्या हलतात, पण ढोबळ मानाने चित्र असं आहे. दोन-तीन हजारांत नाव घेण्यासारखं काही मिळत नाही. पाच ते नऊ हजारांत नामांकित कंपन्यांच्या साध्या पोरो येतात. दहा ते सोळा हजारांत सीलबंद रूफ सुरू होतात. त्यात फेज कोटिंग आहे की नाही हे मॉडेलनुसार बदलतं, ते कंपनीच्या स्वतःच्या साइटवर बघायचं, विक्रेत्याने लिहिलेल्या वर्णनात नाही. थरांचा उल्लेखच नसेल तर ते नाहीत असं धरून चाला. दिलेले असते तर कंपनीने ते ठळक छापले असते.

चष्मा असेल तर हा परिच्छेद आधी वाचा

आयपीसपासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, त्या अंतराला 'आय रिलीफ' म्हणतात. चष्म्याची काच त्या अंतरात बसवावी लागते, त्यामुळे चष्मा लावून बघणाऱ्याला किमान १५ मिमी हवेत, १७–१८ असतील तर निवांत. वर सांगितलेल्या ॲक्युलॉन ८×४२ ला ते १२ मिमी आहे, म्हणजे चष्म्यातून चित्राच्या कडा कापल्या जाणार. त्याच कंपनीच्या प्रोस्टाफ पी३ ८×४२ या रूफ दुर्बिणीला २०.२ मिमी आहे. चष्मेवाल्याला या दोघींतला फरक बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठा ठरतो.

मात्र नुसता उणे किंवा अधिक नंबर असेल तर चष्मा काढून बघता येतं, दुर्बिणीचा फोकस ती कसर भरून काढतो. सिलिंड्रिकल नंबर दुर्बीण भरून काढत नाही. तो जास्त असेल तर चष्मा लावूनच बघावं लागेल. आणि चष्मा काढून बघायचं ठरवलं तरी पक्षी नुसत्या डोळ्यांनी शोधायला चष्मा लागतोच. मग चष्मा कपाळावर, दुर्बीण डोळ्याला, दुर्बीण खाली, चष्मा नाकावर अशी कवायत दिवसभर चालते. ज्याने ती केलीय त्याला पाचेक मिलिमीटरसाठी जास्त पैसे द्यायला जड जात नाही.

रबराचे आयकप चष्मेवाल्याने दुमडून किंवा फिरवून पूर्ण खाली करायचे, बिनचष्मेवाल्याने पूर्ण वर. बिनचष्मेवाल्याने ते खाली ठेवले तर बघताना कडेने काळ्या सावल्या येतात आणि लोक दुर्बिणीला नावं ठेवतात.

कोटिंगची भाषा

काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून साधारण चार टक्के उजेड परत फिरतो. साध्या पोरोच्या एका नळीत असे दहाएक पृष्ठभाग असतात. काहीच थर नसेल तर एक-तृतीयांश उजेड वाटेतच संपतो, आणि इकडेतिकडे उसळलेला तो उजेड चित्रावर धुरकट साय धरतो. सगळ्या पृष्ठभागांवर एकाहून जास्त थर असतील तर पाचेक टक्क्यांवर भागतं. म्हणून खोक्यावरचे शब्द नीट वाचायचे. 'कोटेड' म्हणजे कुठेतरी, एक थर. 'मल्टीकोटेड' म्हणजे काही पृष्ठभागांवर अनेक थर. 'फुल्ली मल्टीकोटेड' म्हणजे सगळ्यांवर अनेक थर. शेवटचा शब्द हवा.

दुकानात पडताळायला ट्यूबलाइटखाली पुढच्या भिंगात तिरकं बघा. ट्यूबच्या लहानमोठ्या बऱ्याच प्रतिमा दिसतात. त्या मंद हिरव्या-जांभळ्या असाव्यात. त्यात एखादी लख्ख पांढरी दिसली तर तेवढी काच कोरी आहे.

आणि भिंग माणकासारखं लालभडक चमकत असेल तर दुर्बीण तिथेच ठेवून द्या. लाल परत फेकला जातोय म्हणजे तो डोळ्यापर्यंत पोहोचत नाही. चित्र हिरवट-निळसर दिसतं, आणि तांबटाच्या कपाळाचा लाल टिळा, जो बघायला एवढा खर्च केला, तो विटकरी होऊन जातो. 'डे अँड नाइट', 'नाइट व्हिजन' असं साध्या दुर्बिणीवर छापलेलं असेल तर तेही तसंच. अंधारात दिसण्याची सोय त्या नळीत नाही.

३०×६० छापलेल्या पाचशे-हजाराच्या दुर्बिणींची परीक्षा पट्टीने होते. पुढच्या काचेचा व्यास मोजा. साठऐवजी पंचवीस-तीस मिमी भरला तर बाकीचे आकडेही तसेच असणार. काही ठिकाणी काच मोठी असते, पण आत कडं बसवून तिचं तोंड बारीक केलेलं असतं, कारण भिंगाची कड खराब असते. ते ओळखायला आयपीसमधून मोबाइलचा टॉर्च आत सोडा, पुढच्या भिंगाला पांढरा कागद टेकवा आणि कागदावर पडलेल्या उजेडाच्या गोलाचा व्यास मोजा. ४२ मिमीच्या दुर्बिणीत तो चाळिशीच्या आसपास यायला हवा.

दुकानातली पंधरा मिनिटं

एकाच मॉडेलचे दोन नग काढायला सांगा. स्वस्त दुर्बिणींत नगागणिक फरक असतो, आणि हा फरक कधीकधी दोन कंपन्यांमधल्या फरकाहून जास्त निघतो. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत किती दिवसांची ते आधी बघा आणि खाली दिलेल्या सगळ्या तपासण्या त्या मुदतीत घरी करा.

आधी दुर्बीण डोळ्यांना जुळवून घ्यायची. हे न करताच लोक 'धुरकट दिसतं' म्हणून खाली ठेवतात. दोन नळ्या मधल्या बिजागरीवर उघडझाप करून दोन गोलांचा एक गोल होईपर्यंत आणा. मग उजव्या भिंगावर झाकण किंवा तळहात ठेवा, दोन्ही डोळे उघडेच ठेवा. मधल्या चाकाने लांबच्या एखाद्या पाटीवरची अक्षरं डाव्या डोळ्याला अगदी धारदार करा. आता डावं भिंग झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या आयपीसवरची कडी फिरवून तीच अक्षरं उजव्या डोळ्याला धारदार करा. कडी कुठे थांबली ते लक्षात ठेवा. ती तुमच्या डोळ्यांची खूण, यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. डोळा मिटून हे केलं तर उघडा डोळाही आकसतो आणि जुळणी चुकते, म्हणून झाकण भिंगावर.

कडी सैल असेल, बॅगेत नुसत्या घर्षणाने फिरत असेल, तर तो नग नको. आणलाच असेल तर तिच्यावर कागदी टेपचा तुकडा चिकटवणं हा बिनखर्ची उपाय.

त्यानंतर सगळ्यात महत्त्वाची तपासणी, दोन्ही नळ्या एकाच दिशेला बघतात का. लांबचा एखादा दिवा किंवा उन्हात चमकणारा बिंदू घ्या. उजव्या आयपीसची कडी एका टोकापर्यंत फिरवा, म्हणजे उजव्या डोळ्याला दिव्याचा मोठा धुरकट गोळा दिसेल आणि डाव्याला टोकदार ठिपका. दोन्ही डोळ्यांनी एकदम बघा. ठिपका गोळ्याच्या मधोमध बसला तर उत्तम. थोडा डावी-उजवीकडे सरकलेला असेल तर डोळे सांभाळून घेतात. वर किंवा खाली सरकून गोळ्याच्या कडेला गेला असेल तर नग परत, कारण एक डोळा वर आणि एक खाली बघण्याची सवय माणसाला नसते. अशी दुर्बीण दुकानात ठीक वाटते आणि जंगलात दहा मिनिटांनी कपाळ ठणकायला लागतं. बरेच जण त्याचा दोष उन्हाला देतात.

पुढचं झटपट उरकतं. दुकानाच्या पाटीचं एक अक्षर आधी मधोमध, मग कडेला नेऊन बघा. शेवटच्या थोड्या भागात धार कमी होणारच, पण अर्ध्या वाटेतच अक्षर पुसट होत असेल तर नको. उजळ आभाळावर मोबाइलचा टॉवर किंवा बसलेला कावळा बघा. कडेला जांभळी-हिरवी किनार सगळ्याच स्वस्त दुर्बिणींत थोडी असते, ती झालरीएवढी जाड नसावी. हातभर लांब धरून उजेडाचा ठिपका पुन्हा तपासा. तो पूर्ण गोल हवा. पोरोमध्ये तो कडांनी करडा, पत्त्यांतल्या चौकटसारखा दिसला तर आत बीके-७ जातीच्या हलक्या काचेचे प्रिझम आहेत. बीएके-४ च्या प्रिझममध्ये तो गोल येतो. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. मध्येच अडकणं किंवा दिशा बदलताना थोडं रिकामं फिरणं चालणार नाही, कारण हळद्या एका फांदीवरून दुसरीवर गेला की तेवढ्यातच तो हातचा जातो.

शेवटी जवळचं बघा. ॲक्युलॉन ८×४२ पाच मीटरच्या अलीकडचं दाखवत नाही, प्रोस्टाफ पी३ तीन मीटरपर्यंत येते. फुलपाखरं आणि चतुर बघणाऱ्यांनी हा आकडा दोन-अडीच मीटर असलेली शोधावी. मुलांसाठी घेत असाल तर नळ्या पूर्ण मिटून बघा. मुलाच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं आणि पुष्कळ दुर्बिणी तेवढ्या मिटत नाहीत. मग त्याला कायम दोन अर्धे गोल दिसतात, आणि तो कंटाळला असं आपण म्हणतो.

बिल जीएसटीचं घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. नामांकित कंपनीचं नाव आणि अशक्य आकडे, म्हणजे तळहाताएवढ्या दुर्बिणीवर २०×५० किंवा ६०×६०, एकत्र दिसले तर ते मॉडेल त्या कंपनीच्या साइटवर शोधा. सापडलं नाही तर ती नक्कल.

जुनी दुर्बीण

जुन्या बाजारात रशियन पोरो अजून मिळतात, बहुधा ८×३० किंवा ७×५०. बांधणी दणकट, चित्र पुष्कळदा आजच्या स्वस्त रूफला लाजवेल असं. दोन गोष्टी माहीत असू द्या. त्यातल्या अनेकींच्या काचेला पिवळसर झाक असते, त्यामुळे पांढरा बगळा जरा सायीच्या रंगाचा दिसतो. आणि लष्करी घाटाच्या दुर्बिणींना मधलं चाक नसतं, दोन्ही आयपीस वेगवेगळे फिरवावे लागतात. लांबच्या जहाजाला ते चालतं, बाभळीतल्या वटवट्याला नाही.

जुनी घेताना टॉर्च पुढच्या भिंगातून सोडून आयपीसकडून तिरकं बघा, मग उलट. धुळीचे कण चालतील, त्यांनी चित्रात फरक पडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. दिवा-ठिपक्याची तपासणी इथे न चुकता करा, कारण पडलेली पोरो बाहेरून धडधाकट दिसते आणि आतला प्रिझम जागचा हललेला असतो.

वापरताना हरवणारे पक्षी

नवशिक्याला दुर्बिणीत पक्षी सापडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा नजर खाली गेलेली असते. पक्षी दिसला की त्याच्यावरची नजर काढायची नाही, मान हलवायची नाही, दुर्बीण वर आणून डोळ्यांसमोर धरायची. सोबत्याला सांगताना 'तिथे, तिथे' करू नका. 'खोडापासून दुसरी फांदी उजवीकडे, वाळक्या शेंगेच्या वर' असं सांगा.

पट्टा इतका आखूड करा की दुर्बीण छातीच्या वरच्या भागावर बसेल. पोटावर लोंबणारी दुर्बीण प्रत्येक पावलाला आपटते, आणि पोरोची जुळणी बिघडायला एवढे धक्के पुरतात. ॲक्युलॉन ८×४२ चं वजन ७५५ ग्रॅम आहे, त्यासोबत मिळणारा अरुंद पट्टा दोन तासांत मानेत रुततो. खांद्यांवर वजन टाकणारा हार्नेस पट्टा घेतला तर तीच दुर्बीण अर्ध्या वजनाची वाटते. बघताना कोपरं बरगड्यांना टेकवा, झाड असेल तर त्याला खांदा लावा, बसला असाल तर कोपरं गुडघ्यांवर. सफारीच्या गाडीत इंजिन बंद होईपर्यंत दुर्बीण डोळ्याला लावण्यात अर्थ नाही.

पावसाळा

आपल्याकडे दुर्बिणी पडून कमी आणि कपाटात जास्त मरतात. सोबत आलेली कातडी किंवा रेक्झिनची पेटी ओल धरून ठेवते. जून ते सप्टेंबर दुर्बीण त्या पेटीत बंद ठेवली तर कोकणात एका पावसाळ्यात बुरशी दिसू शकते. पेटी वेगळी ठेवा. घट्ट झाकणाचा पाच-सात लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात शे-दीडशे ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. दाण्यांचा नारिंगी रंग उडून ते हिरवट झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. ओव्हनमध्ये त्या वेळी खाण्याचं काही नको. डांबरगोळ्यांनी ओल जात नाही आणि तांदूळ तर डब्यात पीठ सोडतात.

पावसातून आल्यावर दुर्बीण लगेच डब्यात टाकू नका. बाहेरून टिपून एक रात्र पंख्याखाली ठेवा, मग डब्यात. समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर आधी ओलसर फडक्याने बाहेरचा खार पुसा. काचा पुसताना आधी हातपंप ब्लोअरने फुंकर, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर कापडावर भिंगाच्या द्रावणाचे दोन थेंब, या क्रमाने. मयूरेश्वर अभयारण्याच्या माळावरची धूळ म्हणजे बारीक वाळूच. तिच्यावरून सदऱ्याचं टोक फिरवलं की कोटिंगवर कायमचे ओरखडे उठतात. तोंडाची वाफ चालेल, पण वाळू उडवून झाल्यावरच.

ऑक्टोबरचं ऊन पडलं की दुर्बीण एकदा बाहेर काढून टॉर्चने आतून बघा. आतल्या काचेच्या कडेला पांढरा बारीक धागा दिसला तर मोसम संपायची वाट न बघता ती दुर्बीण दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. बुरशीतून निघणारं आम्ल कोटिंग खातं, आणि ते खाल्लं गेल्यावर काच कितीही स्वच्छ केली तरी डाग तसाच राहतो. साफसफाईनंतर दुर्बीण हातात घेण्याआधी त्याच्याच दुकानात दिवा-ठिपक्याची तपासणी पुन्हा करा, कारण ती उघडताना प्रिझम काढावे लागलेले असतात. आणि घरातला डबाही त्याच दिवशी पुसून वाळवा, नाहीतर त्यातली बुरशी साफ केलेल्या काचांवर परत येईल.